निकालाची रात्र

आम्हां मुकुंदवाडीच्या कामगारांना इतिहास शाळेने फारसा दिला नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयातून आणि वडीलधाऱ्या सोबत्यांच्या तोंडून जेवढा मिळाला तेवढा आम्ही वेचला. त्यात निकालाच्या रात्रीचे प्रकरण आम्हांस फार मोलाचे वाटते.

1951-52 सालच्या पहिल्या निवडणुकीत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मतपत्रिकेवर शिक्का नव्हता. उमेदवारागणिक वेगळी पेटी असे, तीत कागद टाकला की मत झाले. देशभरचे मतदान महिनोन्‌महिने चालले. साऱ्या देशाने एकाच रात्री जागावे, असा योग तेव्हा नव्हता.

तो योग पुढे आला, आणि त्यातली थोर रात्र 20 मार्च 1977 ची. आणीबाणीला एकवीस महिने होत आले होते. पुष्कळ कामगार पुढारी तुरुंगात होते. 1975 च्या वटहुकुमाने किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला होता, आणि त्याविरुद्ध संप करण्याची सोय उरली नव्हती. अशा वेळी रेडिओशी कान लावून बसणे ही करमणूक नव्हे. आपली भाकर कोणाच्या हाती जाणार, ते ऐकणे होते. मोजणी कागदाची, म्हणून सावकाश. पन्नास-पन्नासांचे गठ्ठे बांधायचे, मग बेरीज करायची. रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून 55,202 मतांनी हरल्या. आमच्या औरंगाबादेतून बापू काळदाते निवडून आले. 21 मार्चला आणीबाणी उठली, आणि त्याच वर्षी 8.33 टक्के बोनस परत मिळाला. एका रात्रीच्या आकड्यांचा अर्थ आमच्या लोकांना पगाराच्या पाकिटात वाचता आला.

2004 पासून लोकसभेचे सगळे मतदान यंत्रावर होऊ लागले. मोजणी सकाळी आठला सुरू होते; जागरणाची गरज बहुधा उरत नाही. उत्कंठा मात्र कमी झाली नाही. 23 मे 2019 रोजी आमच्या मतदारसंघात इम्तियाज जलील यांनी चार वेळा निवडून आलेल्या चंद्रकांत खैरे यांचा 4,492 मतांनी पराभव केला. एवढ्या थोड्या अंतरात दोन-चार वस्त्यांचे मतही निर्णायक ठरते. "आमच्या एका मताने काय होते?" असे म्हणणाऱ्या सोबत्याला आम्ही हा आकडा सांगतो.

पण यंत्राने एक गोष्ट हिरावलीही आहे. कागदाच्या काळी पुष्कळ ठिकाणी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळत. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले, हे कोणास उमगत नसे. आता केंद्रवार आकडे छापून प्रसिद्ध होतात. पाण्याच्या नळासाठी, रस्त्यासाठी पुढाऱ्याच्या दारी जाणाऱ्या वस्तीची नाडीच त्यामुळे त्याच्या हाती येते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' यंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने 2008 साली सुचविले. 2015 साली विधी आयोगानेही तशीच शिफारस केली. सूचना कागदावरच राहिली.

मतदाराचे नाव गुप्त राहते, हे खरे. परंतु गरिबाला एकट्याने शिक्षा क्वचित होते. शिक्षा होते ती त्याच्या साऱ्या वस्तीला. तेव्हा निकालाच्या दिवशी कोण जिंकले हे जरूर विचारावे. आणि आपण कोणाला मत दिले हे कोणाला कळले, हेही त्याच दमात विचारावे. 1977 साली माणसे निर्भयपणे मत देऊ शकली, म्हणूनच ती रात्र इतिहासात जमा झाली.