पायातला काळा दाणा

मद्रास इलाख्यातील मदुरैच्या दवाखान्यातून १८४२ साली गिल या डॉक्टरने पायाच्या एका रोगाची नोंद केली. पाऊल सुजून बेढब झालेले, त्यावर गाठी, आणि गाठींना पडलेल्या छिद्रांतून झिरपणारा पू. पुढे गावाचेच नाव रोगाला चिकटले : ‘मदुरा फूट’. या नावात गाव होते, अवयव होता, कारण नव्हते. कारणच ठाऊक नसल्याने रोग बळावल्यावर पाय कापणे एवढाच उपाय उरे.

हा रोग प्रामुख्याने अनवाणी वावरणाऱ्यांचा. काटा रुततो आणि मातीतला सूक्ष्म जीव कातडीखाली शिरतो. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि हातावर पोट असलेला माणूस न दुखणाऱ्या गाठीसाठी कामाचा दिवस मोडत नाही. ठणका लागून राहतो, तोवर रोग अनेकदा हाडापर्यंत पोचलेला असतो.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवताना आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असताना त्याने या रोगाचा पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेत कापलेले पाय त्याने चिरून तपासले. काहींत काळे दाणे होते, काहींत फिकट. हे दाणेच रोगाचे मूळ, हे ओळखून त्याने १८६० मध्ये ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले. १८७४ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. मात्र एका नमुन्यावर उगवलेल्या तांबड्या बुरशीला त्याने कारण मानले होते. बर्कली या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला कार्टरचेच नाव दिले; पण हा दावा पुढे टिकला नाही.

खरी अडचण ‘बुरशी’ या शब्दातच होती. १८९४ मध्ये व्हिन्सेंटने अल्जीरियातील रुग्णाच्या फिकट दाण्यांतून एक जीव वेगळा केला. तो बुरशीसारखा धाग्यांनी वाढणारा, पण प्रत्यक्षात जिवाणू होता. १९१३ मध्ये पिनॉयने या रोगाचे दोन गट पाडले : एक खऱ्या बुरशीचा, दुसरा जिवाणूंचा. बाहेरून पाय सारखाच दिसे, रोग मात्र दोन होते.

हा भेद निव्वळ वर्गीकरणाचा नव्हता. जिवाणूजन्य रोग प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. बुरशीजन्य रोगाला इट्राकोनॅझोलसारखी औषधे अनेक महिने द्यावी लागतात, शिवाय बहुधा शस्त्रक्रियाही. दाणा काळा असेल तर बुरशी समजावी. पण पांढरा वा पिवळसर दाणा दोहोंचाही असू शकतो. म्हणून आतला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ती तपासणी न करता दिलेल्या औषधात महिने जातात आणि रोग हाड पोखरत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा रोग दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला. गिलच्या नोंदीला तेव्हा १७४ वर्षे झाली होती. अनवाणी पायांचा रोग त्या यादीत यायलाही इतका काळ लागला.