विधिसाहाय्य अनुदाने

विधिसाहाय्य अनुदाने : निर्धन व दुर्बल व्यक्तींना न्यायालयात आपली बाजू मांडता यावी, त्यांना कायदेविषयक सल्ला मिळावा आणि अशा साहाय्याच्या गरजेचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, ह्यांसाठी नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांना शासन, वैधानिक प्राधिकरणे किंवा विश्वस्त निधी यांच्याकडून मिळणारे द्रव्यसाहाय्य. अन्नछत्र, धर्मशाळा, पाणपोई व विद्यादान यांना दानधर्माच्या परंपरेत मानाचे स्थान होते. दुसऱ्याच्या दाव्याचा खर्च भागविण्यासाठी द्रव्य द्यावे, ही कल्पना मात्र अर्वाचीन आहे.

महाराष्ट्रात ह्या कल्पनेची पार्श्वभूमी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणात आढळते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे १८७५ मध्ये सुरू झालेले दख्खनचे दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर मुख्यतः त्यांच्याजवळील कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. दिवाणी न्यायालयात कर्जदार कुळ सहसा हजर राहत नसे, त्यामुळे हुकूमनामे एकतर्फी होत. ह्या अनुभवातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू होता. निजामाच्या मुलखाला लागून असलेला जामखेड तालुका अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा भाग असल्याने त्याच्या कक्षेत आला. सलोखा घडवून आणणारे अधिकारी व ग्राम-मुन्सफ यांच्या तरतुदी विशेष प्रसिद्ध आहेत. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची ठरते. एका पक्षाने वकील दिला असून दुसरा पक्ष वकील नसलेला शेतकरी असल्यास, न्यायालय सरकारी वकिलास किंवा अन्य योग्य व्यक्तीस तिच्या संमतीने त्या शेतकऱ्याची बाजू मांडण्यास सांगू शकत असे. ही मदत संमतीवर अवलंबून होती, म्हणजे पर्यायाने वकिलाच्या औदार्यावर. ह्याच दशकात गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभेने लवाद न्यायालये चालविली. त्यांचा उद्देश पक्षकारांचा खर्च मुळातच वाचविण्याचा होता.

संघटित विधिसाहाय्याचा आरंभ मुंबईत १९२४ साली ‘बाँबे लीगल एड सोसायटी’ ह्या संस्थेने झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई शासनाने न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये समिती नेमली. राज्य, बृहन्मुंबई, जिल्हा व तालुका अशा चार पातळ्यांवर विधिसाहाय्य समित्या असाव्यात, अशी तिची शिफारस होती. द्रव्याभावी ती कागदावरच राहिली. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात (१९५८) निर्धनांना विधिसाहाय्य देणे हे शासनाचे कर्तव्य मानले. पुढे न्यायमूर्ती भगवतींचे पुत्र प. न. भगवती यांनी हाच विषय गुजरातमधील समितीच्या (१९७०-७१) व नंतर राष्ट्रीय समितीच्या द्वारे पुढे नेला, हा योगायोग लक्षणीय आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क समाविष्ट होऊन ३ जानेवारी १९७७ पासून समान न्याय व मोफत विधिसाहाय्य हे राज्यधोरणाचे निदेशक तत्त्व बनले. १९८० मध्ये प. न. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समितीने स्वयंसेवी संस्था व विधी महाविद्यालये यांनाही आर्थिक साहाय्य देण्यास प्रारंभ केला.

न्यायालयीन निर्णयांत महाराष्ट्रातील दोन प्रकरणे पायाभूत ठरली. ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७८) ह्या निर्णयाने बंद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. ‘शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९८३) ह्या प्रकरणाचा उगम मुंबईतील कोठड्यांत असलेल्या स्त्रियांविषयीच्या एका पत्रात होता. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्रीबंद्यांच्या मुलाखती घेण्यास सांगितले. समाजशास्त्रीय पाहणी ही न्यायदानाची सामग्री होऊ शकते, हे ह्या प्रकरणात जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच झाले असेल.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार केंद्रीय प्राधिकरणाने गरिबांच्या गरजांच्या संदर्भात विधी सेवांविषयी संशोधन करावयाचे व त्यास उत्तेजन द्यावयाचे असते, तसेच विशिष्ट योजनांसाठी स्वयंसेवी संस्थांना सहायक अनुदाने द्यावयाची असतात. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर विधिसाहाय्य निधी उभारण्याची तरतूद आहे. तालुका समितीची तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. १९४९ ची शिफारस कायद्यात उतरण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. तीही तालुक्यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद न होता.

अनुदानासाठी अर्ज करणारी संस्था १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम, १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम किंवा तत्सम कायद्याखाली नोंदलेली असावी लागते. केंद्रीय अनुदानांसाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ ह्या सूचीतील नोंदही मागितली जाते. प्रस्तावात उद्दिष्ट, कार्यक्षेत्र, लाभार्थी, कालावधी व खर्चाचे अंदाजपत्रक यांचा निर्देश करावयाचा असतो. सोबत लेखापरीक्षित हिशेब जोडतात आणि रक्कम खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र सादर करतात. ही रचना विहीर वा शाळाखोली बांधण्यास सोयीची आहे. दाव्याला ती नीट बसत नाही. अनुदान वर्षादोन वर्षांचे असते आणि दावा दहा वर्षे चालू शकतो. त्यामुळे संख्येने मोजता येणाऱ्या शिबिरांकडे व पुस्तिकावाटपाकडे प्रस्तावांचा कल झुकतो आणि एखादे प्रकरण शेवटपर्यंत लढविण्याचे काम मागे पडते. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून व पुढे २०१० च्या अधिनियमाने नियंत्रण आहे. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीस परदेशी देणगी हस्तांतरित करण्यास मनाई केली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. शहरातील मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातील लहान संस्थेला पोहोचणारा परदेशी पैसा त्यामुळे थांबला.

जामखेडचे नाव जगात पोहोचले ते १९७० मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे. गावातील स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका करण्याची तेथील पद्धती व विधी सेवा प्राधिकरणाची २००९ ची निमविधी स्वयंसेवक योजना यांत साम्य आहे. मात्र आरोग्यकार्यासाठी जितके दाते पुढे आले, तितके न्यायकार्यासाठी आले नाहीत. १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात परिचित असलेल्या ह्याच तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले व नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष मुक्त केले. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण जामखेडपासून सु. ७५ किमी. वरील जिल्हा न्यायालयात वारंवार जाण्याचे भाडे, बुडणारी मजुरी व गावातील दडपण यांचा भार वकील मिळाल्याने हलका होत नाही. अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाची २०१६ मध्ये अंमलात आलेली दुरुस्ती व २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना यांनी प्रवास व निर्वाह खर्च आणि संरक्षण यांची तरतूद केली आहे. ती साक्षीदारापर्यंत वेळेवर पोहोचते काय, ह्याची तालुकावार पाहणी हा संशोधन-अनुदानासाठी सर्वथा योग्य असा विषय आहे.