पावसाचे तळे : पाणी राखावे, डास टाळावेत

कसारा घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात पाणी उदंड असते. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील अनेक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरवर विसंबून असतात. त्यामुळे ‘साचलेले पाणी ओतून द्या’ हा शहरातील गच्चीसाठी योग्य असलेला सल्ला येथील तळ्याला लागू पडत नाही.

अंड्यापासून डास तयार होण्यास पावसाळी हवामानात साधारण सात ते दहा दिवस लागतात. तीन-चार दिवसांत जिरणाऱ्या डबक्याची म्हणूनच फारशी धास्ती नको. धोका असतो तो आठवडाभर टिकणाऱ्या, पण कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या पाण्याचा. थळ घाटातून १८६५ साली लोहमार्ग इगतपुरीपर्यंत पोहोचला. अशा मार्गांच्या भरावासाठी माती खणल्याने पडणारे खड्डे हिवतापाला आमंत्रण देतात, हे भारतातील मलेरियातज्ज्ञांनी फार पूर्वीच नोंदविले आहे. रस्त्यासाठी मुरूम काढून तसेच सोडलेले खड्डे आजही तेच काम करतात. ते बुजवावेत किंवा चर काढून रिकामे करावेत.

राखावयाच्या तळ्यात खरा प्रश्न असतो तो काठाचा. हिवतापाचा प्रसार करणारा ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस हा डास पावसाच्या स्वच्छ डबक्यांत, भातखाचरांत व तळ्यांत वाढतो. त्याच्या अळ्या खोल, मोकळ्या पाण्यात क्वचितच आढळतात. उथळ, गवताळ कडेला त्यांना आसरा मिळतो. काठ तीव्र उताराचे ठेवून गवत वेळोवेळी कापल्यास निम्मे काम होते. मात्र एका बाजूस पायऱ्या हव्यातच, अन्यथा मुले व गुरे बुडण्याची भीती राहते. गुरांसाठी हाळ तळ्याबाहेर बांधावा. शेणमूत्राने पाणी बिघडते हे सर्वांस ठाऊक असते. चिखलात उमटलेल्या खुरांच्या खळग्यांतही अळ्या वाढतात, हे सहसा लक्षात येत नाही.

गप्पी मासे हा आरोग्य खात्याचा जुना व स्वस्त उपाय होय. मात्र कसाऱ्यासारख्या ठिकाणी तळे उन्हाळ्यात आटते व मासेही संपतात. बारमाही विहिरीत किंवा हौदात त्यांचे बियाणे जपून ठेवून दर पावसाळ्यात ते पुन्हा सोडावे लागते. हे मासे ओढ्यात जाऊ देऊ नयेत. त्यांच्याच जातकुळीतील गॅम्बुसिया १९२८ साली भारतात आणला गेला. जगातील सर्वाधिक उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आज त्याचा समावेश होतो. आपल्या ओहोळांत पृष्ठभागालगत फिरणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा देशी मासाही अळ्या आवडीने खातो. तो मिळत असल्यास परका मासा कशाला आणावा?

पहिल्या पावसाचे पाणी गाळ, पालापाचोळा व घाण घेऊन येते. ते तळ्यात थेट न घेता आधी लहान खड्ड्यात निवळू द्यावे आणि तो खड्डा दरवर्षी उपसावा. सेंद्रिय गाळ साचला की पाणी हिरवट होते, त्यातील प्राणवायू घटतो व मासे मरतात. धुणीभांडी तळ्यात नकोत. टीसीएल पावडर मासे असलेल्या तळ्यात टाकू नये. पाणी काढून घेतल्यावर हंड्यात वा टाकीत त्याचे योग्य प्रमाणात शुद्धीकरण करावे. डासनाशक तेल गटारापुरतेच ठीक. तळ्यात अळ्या फार झाल्याच, तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत वापरता येते. इस्रायलमधील नेगेव वाळवंटातील एका डबक्यात १९७६ साली सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्या मारतो. माशांना व माणसांना त्यापासून अपाय होत नाही.

तळे आटल्यावर पाणी घरातील पिंपात येते आणि ॲनॉफिलिसची जागा डेंग्यू पसरविणारा एडिस घेतो. त्याची अंडी पिंपाच्या आतील कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून घासून, वाळवून, मगच भरावे आणि तोंडाला कापड घट्ट बांधावे.