भाऊसिंगजी रोडवरील चहा

कोल्हापुरात भवानी मंडपाकडून टाउन हॉलच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यास भाऊसिंगजी रोड म्हणतात. हे नाव भावनगरच्या भावसिंहजी महाराजांचे. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ते व शाहू महाराज सहाध्यायी होते. संस्थानिकांच्या मुलांस इंग्रजी वळण लावणाऱ्या त्या शाळेतील स्नेह असा येथील पाटीवर उमटला. टाउन हॉल आणि त्यालगतचे इस्पितळ या मेजर मँट यांनी आखलेल्या इमारती. आज छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव असलेले ते इस्पितळ मुळात इंग्लंडच्या युवराजांच्या, आल्बर्ट एडवर्ड यांच्या नावाने उभे राहिले. एकंदरीत सारा थाट साहेबी अमदानीचा. तथापि या रस्त्याचा खरा इतिहास आम्हांस एका चहाच्या दुकानात सापडतो.

गंगाराम कांबळे हे दरबारच्या पागेतील महार नोकर. मराठ्यांच्या हौदास शिवले म्हणून त्यांस बेदम मार बसला. परगावाहून परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांस शासन तर केलेच, शिवाय गंगारामांस स्वतंत्र धंद्यासाठी साह्य दिले. त्यातून ‘सत्यसुधारक हॉटेल’ निघाले. (हॉटेल म्हणजे इंग्रजीत मुक्कामाची जागा, आम्ही तो शब्द चहाफराळास लावला.)

चहा मूळचा चीनचा, आसामातील मळे साहेबांचे, दूधसाखरेसह उकळण्याची रीत आमची. शास्त्रकारांना या पेयाचे नावही ठाऊक नव्हते. पण विटाळ त्यालाही चिकटला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य गुदरले. तेथे यजमान परधर्मी तरी होते. येथे कप पुढे करणारा आपल्याच गावचा मनुष्य, म्हणूनच तो हाती घेणे अधिक जड गेले असावे, असे आम्हांस वाटते.

महार मालकाकडे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी दुकानाशी थांबवून उघड्यावर चहा मागवू लागले. बरोबरच्या बड्या मंडळींच्या हातीही कप जाई. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी १९१९ मध्ये काढले. पण हुकूम कचेरीत, इस्पितळात चालतो. घशाखाली उतरत नाही. राजासमक्ष घेतलेल्या घोटातही थोडी चाकरी होतीच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. त्यांचे पहिले स्मारक १९२५ मध्ये कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभे राहिले. त्यात पुढाकार गंगाराम कांबळे यांचा होता.