कर्जरोखा ते नेमणूकपत्र

गेल्या उन्हाळ्यात वेळ नदीच्या काठी, तळेगाव ढमढेरे येथे, पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेल्या काही तरुण-तरुणींशी बोलण्याचा योग आला. बोलणे अर्थातच नोकरीवर आले. आम्ही सहज विचारले, ''पहिला पगार हाती आला की काय कराल?'' एकाने मोटारसायकलचे नाव घेतले. दुसरा जरा थांबून म्हणाला, ''फादर, वडिलांचे सोसायटीचे कर्ज आहे, ते आधी.'' कोपऱ्यात बसलेली एक मुलगी सर्वांत शेवटी बोलली. ''माझ्या एकटीच्या नावावर खाते काढीन. त्यात किती आहेत ते कोणी विचारायचे नाही.'' सगळे हसले, तीही हसली. परतीच्या वाटेवर एस.टी.त मात्र आमच्या मनात तिचेच वाक्य घोळत राहिले.

हल्लीच्या मुलांना पैशाचीच ओढ, असे आपण वडीलधारी मंडळी येता-जाता म्हणतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर या तक्रारीत फारसा अर्थ उरत नाही. त्या मुलामुलींनी जे मागितले, ते याच मातीत त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी मागितले होते. त्यांना ते अर्ज करून मागता आले नाही, एवढाच फरक.

शिरूर तालुक्यात कर्डे नावाचे गाव आहे. आजच्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपासून ते काही फार लांब नाही. १८७४ सालच्या डिसेंबर महिन्यात तेथील बाबासाहेब देशमुख नावाच्या शेतकऱ्याविरुद्ध काळूराम या सावकाराने कोर्टातून हुकूमनामा मिळवला. कर्ज होते अवघे दीडशे रुपयांचे. सावकाराने देशमुखाचे राहते घर पाडावयास घेतले. गावाला हे सहन झाले नाही. कोणी काठी उचलली नाही. गावाने सावकारांशी व्यवहारच तोडला. न्हाव्याने हजामत करावयाची नाही, परटाने कपडे घ्यावयाचे नाहीत, पाणक्याने पाणी भरावयाचे नाही, असे ठरले. बहिष्काराचे हे लोण गावोगाव पसरले.

पुढच्या मे महिन्यात आगीचा भडका उडाला. १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे फोडली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसाहून अधिक गावांत तसेच घडले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. लोकांनी काय नेले, हे मात्र पाहण्याजोगे आहे. बहुतेक ठिकाणी जमावाची मागणी एकच होती: कर्जरोखे बाहेर काढा. रोखे मिळाले की ते चावडीसमोर जाळावयाचे आणि घरी जावयाचे. माणसे मारली गेली नाहीत म्हटले तरी चालेल. नऊशेहून अधिक लोकांना अटक झाली. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८७८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला.

कागदावर एवढा राग का? त्याचे उत्तर एका कायद्यात आहे, आणि वाचकांनी ते सावकाश समजून घ्यावे अशी आमची विनंती आहे. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. त्यानुसार साधा कर्जरोखा तीन वर्षेच वैध राहणार होता. हेतू असा, की व्याज वर्षानुवर्षे तुंबू नये. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार ऋणकोला बोलावी आणि मुद्दल अधिक व्याज मिळून होणाऱ्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई. कालचे व्याज आज मुद्दल होई. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरून आम्ही कागदावर हिशेब मांडला. शंभर रुपयांचे तीन वर्षांनी एकशे बहात्तर, सहा वर्षांनी सुमारे दोनशे शहाण्णव, नऊ वर्षांनी पाचशे आठच्या पुढे. आणि एवढ्या काळात शेतकऱ्याच्या हाती आलेले मूळ रुपये शंभरच! ज्याला वाचता येत नाही तो अंगठा उठवी. त्या कागदात काय लिहिले आहे, ते लिहिणाऱ्याला ठाऊक.

त्यात काळ विचित्र होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथला कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार घरी येऊन पैसे देत. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि थोड्याच काळात, १८६७ पासून, सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. सुगीच्या दिवसांत सहज मिळालेले कर्ज पडत्या काळात फेडावयाचे आले. (चांगला पगार सुरू होताच घर, गाडी, लग्न, सगळेच हप्त्यांवर घेणाऱ्या आमच्या काही धर्मग्रामस्थांची येथे आम्हांस आठवण होते. कोणाचे नाव घेत नाही.)

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायाधीशाने केवळ रोखा पाहून हुकूमनामा न देता कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, हप्ते बांधून द्यावेत, अशा त्यातील तरतुदी होत्या. कायदा चांगला होता, पण सावकारही हुशार होते. गहाणखताऐवजी ते खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कागद बदलला, जमीन जावयाची ती गेली.

याच सुमारास दौंडला एक वेगळाच कागद जन्मास येत होता. १८५८ साली पुण्याहून पूर्वेकडे गेलेला लोहमार्ग दौंडवरून गेला आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळपीडितांचे हात राबले. दौंड मोठे जंक्शन झाले. रेल्वेच्या नोकरीने या कोरडवाहू मुलखाला एक अपूर्व गोष्ट दाखवली: पगाराची तारीख. पाऊस पडो न पडो, त्या दिवशी पैसे मिळणार! आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचा उत्कर्ष या तारखेपासून सुरू झाला. नोकरी म्हणजे सुटका, हे समीकरण आपल्या मनांत रुजले ते येथेच.

महात्मा जोतीराव फुले यांनी या समीकरणातला धोका फार लवकर ओळखला होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा कैवार घेतलाच; शिवाय, शिकलेले सगळेच सरकारी नोकरीच्या मागे न लागता उपयोगी आणि मिळकतीच्या धंद्यांत पडतील, असा दिवस यावा अशी आशाही व्यक्त केली. या आशेला एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. स्पर्धा परीक्षेचे चौथे वर्ष पुण्यात खोलीभाडे भरून काढणारा तरुण आम्हांस भेटतो, तेव्हा ही आशा आठवल्यावाचून राहत नाही.

पण त्या मुलीच्या खात्याकडे वळू. दौंड तालुक्यातच, रेल्वेच्या त्याच मार्गावर, केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. नंतर केडगावला जमीन घेऊन त्यांनी तेथे 'मुक्ती' उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा तेथे आणल्या. १९००च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळाने ही संख्या आणखी फुगवली. रमाबाई आमच्या पंथाच्या नव्हत्या. त्यांचे काही आग्रह आम्हांस पटणारेही नाहीत. तरीही सांगितले पाहिजे, की त्या काळात अन्नछत्र घालून थांबणे सोपे होते, आणि त्या थांबल्या नाहीत. केडगावला मुली विणकाम शिकल्या, शिवण शिकल्या, तेलाचा घाणा, शेती, गाईगुरे यांची कामे त्यांच्याकडे आली. छापखान्यात त्या खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार झाले. १९२२ साली रमाबाईंनी देह ठेवला आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या मुलींना घरच्यांनी ओझे मानले होते त्यांच्या बोटांनी ती पाने जुळवली. पोट भरणे आणि जन्माचे सार्थक वाटणे या दोन गोष्टी एकाच कामात सापडू शकतात, याचा याहून जवळचा दाखला आम्हांस माहीत नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली श्रमिकांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात मजुरी कशी असावी याचा विचार आहे. काटकसर करणाऱ्या कामगाराला थोडे शिल्लक टाकता यावे, स्वतःचे काही असावे, इतकी ती असावी, असे पोप महाशयांचे म्हणणे. वसईच्या वाचकांना सांगावयास नको, की मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतपेढी सुरू केली, तिच्यामागेही हेच गणित होते. पुढे तिची बँक झाली. आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील मुलांना स्वतःच्या घामावर शिकावयास लावले, 'कमवा आणि शिका' हा मंत्र महाराष्ट्राला दिला. शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजात गेला तो या वाटेने. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले, आणि काळाच्या ओघात महाविद्यालये तालुक्याच्या गावांतही पोहोचली. आज तळेगाव ढमढेरे येथील साहेबराव शंकरराव ढमढेरे महाविद्यालयात शिकण्यासाठी मुलांना घर सोडावे लागत नाही.

नव्वदीच्या दशकात रांजणगावला औद्योगिक वसाहत वाढू लागली आणि रस्त्यालगतच्या शेतीला कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला. जमिनी गेल्या, बंगले आले, काही घरांत पैसा टिकला, काहींत नाही. कारखान्यात मुलांना कामे मिळाली, पण पुष्कळांना ती ठेकेदारामार्फत मिळाली. पदवी हाती असलेला आमच्या परिचयाचा एक तरुण अशाच एका कारखान्यात काही वर्षे राबला. दर काही महिन्यांनी त्याला कामावरून कमी करीत आणि मध्ये थोडे दिवस जाऊ देऊन पुन्हा घेत, म्हणजे तो कायम होऊ नये. तो नवे नेमणूकपत्र आम्हांस दाखवावयास आणी. दर वेळी तारीख नवी, पगार जवळपास तोच. ते पत्र पाहताना आम्हांस तीन वर्षांनी नव्याने लिहून घेतलेला रोखा आठवे. २०२४ साली राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची. सहा महिन्यांनंतर काय, हा प्रश्न मुलांनी विचारला तो रास्तच होता.

रोख्याचा दुसरा अवतार आता खिशात असतो. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज मिळते. फेडता आले नाही तर जुने मिटवण्यासाठी नवे मिळते. क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरून बाकीची पुढे ढकलली, तर वर्षाला शेकडा छत्तीस किंवा त्याहूनही अधिक व्याज चढू शकते, म्हणजे आमच्या वरच्या हिशेबातील सावकाराच्या दीडपट! आणि 'मान्य आहे' या शब्दांवर बोट टेकवताना खालचा मजकूर वाचणारा पदवीधर आम्हांस अजून भेटावयाचा आहे. खापरपणजोबांना निदान वाचता येत नव्हते.

आम्ही हे सारे त्या मंडळींना थोडक्यात सांगितले होते. मोटारसायकलवाला विचारात पडला आणि मग म्हणाला, ''फादर, पण कंपनीत जायला एस.टी. वेळेवर नाही.'' त्याचेही खरे होते. परवा त्या मुलीचा निरोप आला. शिक्रापूरला हिशेबनिसाचे काम मिळाले आहे, खाते उघडले आहे, पहिल्या महिन्याचे पैसे त्यात जमा झाले आहेत. किती, ते तिने कळवले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.