‘ल्यूसी’ हत्तीण : जाहिरातीच्या वास्तूपासून राष्ट्रीय स्मारकापर्यंत

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक सिटीच्या दक्षिणेस असलेल्या मार्गेट या किनारी शहरात उभी असलेली ‘ल्यूसी’ ही हत्तीच्या आकाराची वास्तू त्या देशातील रस्त्यालगतचे सर्वांत जुने विद्यमान प्रवासी आकर्षण मानली जाते. सुमारे 65 फूट (20 मीटर) उंचीची, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढी ही वास्तू लाकडी सांगाड्यावर पत्रा मढवून 1881 मध्ये उभारण्यात आली. तिच्या मागील पायांतील जिन्यांवरून पोटातील दालनात जाता येते, तर पाठीवरील अंबारीतून समुद्राचे व परिसराचे दर्शन घडते.

ही वास्तू उभारण्यामागे व्यापारी हेतू होता. जेम्स लॅफर्टी या जमीन व्यावसायिकाची या भागात बरीच जमीन होती; मात्र वाळूच्या त्या ओसाड पट्ट्यात ग्राहक येत नव्हते. लोकांना तेथवर आणण्यासाठी आणि अंबारीतून भूखंड दाखवण्यासाठी त्यांनी हा हत्ती बांधून घेतला. प्राण्याच्या आकाराच्या इमारती बांधण्याचा 17 वर्षांचा एकाधिकार देणारे पेटंटही त्यांना 5 डिसेंबर 1882 रोजी मिळाले.

याच कल्पनेवर आणखी दोन हत्ती उभे राहिले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथील हत्ती ल्यूसीहून कितीतरी मोठा होता. तो 1896 मध्ये आगीत नष्ट झाला. न्यू जर्सीतीलच केप मे येथील हत्ती 1900 मध्ये पाडण्यात आला. तिघांपैकी केवळ मार्गेटचा हत्ती शिल्लक राहिला.

आर्थिक अडचणीत आलेल्या लॅफर्टी यांनी 1887 मध्ये ही मालमत्ता अँटन गर्टझन यांना विकली. ‘ल्यूसी’ हे नाव पुढे गर्टझन कुटुंबाच्या काळात रूढ झाले. वास्तविक या हत्तीला मोठे सुळे आहेत आणि आशियाई हत्तिणींना असे सुळे नसतात. तरीही नाव टिकले. 1902 मध्ये एका इंग्रज डॉक्टरच्या कुटुंबाने या वास्तूत उन्हाळी मुक्काम केला. पुढे तेथे मद्यालय चालवण्यात आले. 1920 मध्ये देशभर दारूबंदी लागू झाल्यावर ते बंद पडले. वादळे, खारे वारे आणि दुर्लक्ष यांमुळे 1960 च्या दशकात वास्तू मोडकळीस आली.

गर्टझन कुटुंबाने ही जमीन विकली आणि हत्ती शहराला देऊ केला, तेव्हा तो अन्यत्र हलवणे किंवा पाडणे एवढेच पर्याय उरले. स्थानिक रहिवाशांनी ‘सेव्ह ल्यूसी’ समिती स्थापन करून घरोघरी निधी जमवला. स्थलांतराला न्यायालयात आव्हान देण्यात आले; परंतु ते फेटाळले गेले. अखेर 20 जुलै 1970 रोजी सुमारे 90 टन वजनाचा हा हत्ती चाकांवर चढवून काही तासांत जवळच्या नगरपालिकेच्या जागेवर नेण्यात आला. दुरुस्तीनंतर 1974 मध्ये तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला. 1976 मध्ये त्याला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ’ हा दर्जा मिळाला.

जतनाचा प्रश्न मात्र तेथे संपला नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा गंजत राहिला. अर्ध्याहून अधिक बाह्य आवरण दुरुस्तीपलीकडे गेल्याचे पाहणीत आढळल्यानंतर 2021 मध्ये संपूर्ण आवरण बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. सुमारे 24 लाख डॉलर खर्चाचे हे काम पूर्ण होऊन डिसेंबर 2022 मध्ये ल्यूसी पुन्हा खुली झाली.

जाहिरातीसाठी उभारलेल्या अशा वास्तूंचे आयुष्य सहसा त्यांच्या धंद्याएवढेच असते. धंदा बसला किंवा जमिनीला भाव आला की त्या पाडल्या जातात. ज्या जमिनीची विक्री वाढावी म्हणून ल्यूसी उभी राहिली, त्याच जमिनीच्या विक्रीमुळे ती संकटात आली. लॅफर्टी यांचा व्यवसाय काळाच्या ओघात संपला. ल्यूसीच्या देखभालीचा भार आज स्वयंसेवी समिती वाहत असून प्रवेश शुल्क आणि देणग्या हा त्या कामाचा मुख्य आधार आहे.