लेसर डायोड आणि त्याची बैठक

फळ्यावर लाल ठिपका पाडणारा लेसर पॉइंटर आपण वर्गात वापरतो. तो बंद पडला की एखादा हौशी विद्यार्थी तो उघडून पाहतोच. आत काय निघते? दोन-तीन बटनसेल, नखाएवढे सर्किट, एक स्प्रिंग आणि पितळेची छोटी नळी. या नळीच्या एका टोकाला भिंग आणि दुसऱ्या टोकाला घट्ट बसवलेला लेसर डायोड असतो. इथे चौकस मुलाने एक प्रश्न विचारायला हवा. प्रकाश तर डायोड देतो, मग त्याला इतक्या बंदोबस्ताने धातूत का बसवले आहे? साधा एलईडी तर आपण पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचतो आणि तो बिनतक्रार पेटतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर १९६२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्याआधी दोनच वर्षे, मे १९६० मध्ये, थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला होता. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात अर्धवाहकांवर एक परिषद भरली. लिंकन लॅबोरेटरीच्या संशोधकांनी तिथे सांगितले, की गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून विद्युतप्रवाह सोडला तर अवरक्त प्रकाश फार कार्यक्षमतेने बाहेर पडतो. श्रोत्यांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेचे रॉबर्ट हॉल होते. या डायोडचा लेसर करता येईल का, याचे गणित त्यांनी परतीच्या आगगाडीतच मांडायला घेतले.

लेसर व्हायचा तर प्रकाश दोन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा मागे-पुढे फिरला पाहिजे. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक सुमारे ३.६ असल्यामुळे त्याच्या नुसत्या गुळगुळीत पृष्ठभागावरूनही ३० टक्क्यांहून थोडा अधिक प्रकाश परत फिरतो. वेगळा आरसा लावण्याची गरज नाही. मात्र स्फटिकाच्या समोरासमोरच्या दोन बाजू अगदी सपाट, एकमेकींना समांतर आणि डायोडच्या संधीला काटकोनात हव्यात. आणि हे सारे करायचे ते ०.४ मिलिमीटर बाजू असलेल्या घनावर, म्हणजे जवळजवळ मिठाच्या कणावर!

इथे हॉल यांचा जुना छंद उपयोगी पडला. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून हौशी लोकांनी घरी दुर्बिणी बनवण्याची मोठी लाट आली होती. रसेल पोर्टर आणि अल्बर्ट इंगल्स यांनी ती वाढवली. काचेवर काच ठेवून, मध्ये आधी भरड आणि मग अधिकाधिक बारीक पूड घालून तासन्‌तास घासायचे, तपासायचे आणि पुन्हा घासायचे. हॉलही असेच हौसेने दुर्बिणी बनवणारे. पृष्ठभाग घासून हवा तसा करता येतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. त्यामुळे बाजू घासूनच तयार करायच्या, असे त्यांनी ठरवले.

१६ सप्टेंबर १९६२ रोजी त्यांच्या गटाला यश आले. डायोड द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवला होता. लेसर सुरू होण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८,५०० अँपिअर प्रवाह लागत होता. आपल्या घनाच्या ०.४ × ०.४ मिलिमीटर क्षेत्राला याने गुणून पाहा. उत्तर येते साडेतेरा अँपिअर! एवढा प्रवाह सतत सोडला असता तर तो कण क्षणात जळून गेला असता. म्हणून तो पाच ते वीस मायक्रोसेकंदांच्या झटक्यांनी सोडला जाई. त्याच शरद ऋतूत, काही आठवड्यांच्या आत, आयबीएम, सिरॅक्यूसला काम करणारे निक होलोन्याक आणि लिंकन लॅबोरेटरी यांनीही आपापले डायोड लेसर चालवून दाखवले. होलोन्याक यांच्या लेसरचा प्रकाश तर डोळ्यांना दिसणारा, तांबडा होता.

घासण्याचे कष्ट पुढे वाचले. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक ठरावीक प्रतलांवर आपोआप सपाट फुटतो. काच कापणारा हिरकणीने चरा पाडतो आणि हलकेच दाबून काच तोडतो, तसेच काहीसे येथे करता येते. कडेला चरा पाडायचा, दाब द्यायचा, की आरशासारखी बाजू तयार. डायोड लेसरच्या उत्पादनात हीच पद्धत रूढ झाली. आरशांचा प्रश्न असा सुटला, पण उष्णतेचा उरला.

त्यासाठी दोन वाटांनी प्रयत्न झाले. पहिली वाट म्हणजे प्रवाहाची गरजच कमी करणे. वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर एकावर एक रचून विद्युतभार आणि प्रकाश एका पातळ पट्ट्यात कोंडता येतील, ही कल्पना १९६३ मध्ये हर्बर्ट क्रोमर यांनी अमेरिकेत आणि झोरेस अल्फेरॉव्ह यांनी सोव्हिएत संघात स्वतंत्रपणे मांडली. या कामासाठी दोघांना २००० सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दुसरी वाट बैठकीची. निर्माण झालेली उष्णता लगेच काढून न्यायची. १९६७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील डायमेंट आणि डसारो यांनी डायोड चक्क हिऱ्यावर बसवून तो २०० केल्व्हिन तापमानाला सतत चालवला. हिरा विजेचा दुर्वाहक, पण उष्णता तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली वाहून नेतो. या दोन वाटांवरील प्रगतीमुळेच १९७० मध्ये, लेनिनग्राडला अल्फेरॉव्ह यांच्या गटात आणि बेल लॅबोरेटरीजमध्ये हायाशी व पॅनिश यांच्याकडे, डायोड लेसर खोलीच्या तापमानाला अखंड चालला.

कण आणि बैठक यांच्यामधला डाखही विचारपूर्वक निवडावा लागतो. तापल्यावर तांबे गॅलियम आर्सेनाइडच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. डाख कडक असेल तर ठिसूळ स्फटिकावर ताण येतो. म्हणून इंडियम हा मऊ, १५७ अंशांना वितळणारा धातू खूप वापरला गेला. तो थोडा दबतो आणि ताण पोटात घेतो.

१९८२ मध्ये जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीला आले आणि लेसर डायोड घराघरांत पोचण्याची सुरुवात झाली. डायोडला धातूची डबी मिळाली. सर्वाधिक आढळणाऱ्या डबीच्या तळाच्या चकतीचा व्यास ५.६ मिलिमीटर असतो. वर काचेची खिडकी, खाली बहुधा तीन पाय. पुढे डीव्हीडी रायटर स्वस्त झाले. २००० नंतरच्या दशकात बिघडलेल्या रायटरमधून डायोड काढून स्वतःचे प्रयोग करणारे हौशी लोक अनेक देशांत निर्माण झाले. जो प्रश्न हॉल यांच्यापुढे होता, तोच लहान रूपात त्यांच्यापुढे आला. हा नाजूक जिन्नस धातूच्या नळीत सरळ आणि घट्ट कसा बसवायचा?

बोटाने दाबून तो बसत नाही, कारण नळीचे भोक मुद्दाम तंग ठेवलेले असते. पक्कडीने दाबावे तर पाय वाकतात. पाय डबीत शिरतात तिथे काचेचे सील असते, ते तडकते. खिडकीवर दाब दिला तर खिडकीच फुटते. उपाय साधा आहे. बोटभर लांबीचा पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा दांडा घ्यायचा. त्याच्या टोकाला मधोमध भोक पाडायचे, म्हणजे पाय भोकात सुखरूप राहतात आणि दांड्याची कड फक्त चकतीच्या कडेला टेकते. मग दांडा आणि नळी व्हाइसच्या जबड्यांत एका रेषेत धरून सावकाश आवळायचे. हातोडी अजिबात नाही. अंगावरच्या स्थितिक विजेनेही डायोड मरतो, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा.

एवढी काळजी का, ते दोन हिशेबांवरून कळेल. समजा, डायोडला २.२ व्होल्टला १०० मिलिअँपिअर दिले, म्हणजे ०.२२ वॉट. त्यातला ०.०८ वॉट प्रकाश झाला, तर ०.१४ वॉट उष्णता उरते. ही तर क्षुल्लकच! पण कणाचा तळ ०.३ × ०.२५ मिलिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १८७ वॉट होतात. घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला तर तिथे फक्त ५ वॉट. चकती धातूला सगळीकडून टेकली नाही तर ही उष्णता जाणार कुठे? दुसरा हिशेब असा. भिंगाचे नाभीय अंतर ५ मिलिमीटर आहे आणि डायोड मध्यापासून ०.१ मिलिमीटर सरकला, तर किरण दहा मीटरवर २० सेंटिमीटर बाजूला पडतो.

हे विद्यार्थ्यांकडून करवून घ्यायचे तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. रायटरमधला चालू डायोड मुलांच्या हाती देऊ नये. त्याचा प्रकाश १०० मिलिवॉटच्याही वर जाऊ शकतो आणि पापणी मिटायच्या आत डोळ्याचा पडदा जाळू शकतो. त्यात सीडी लिहिण्याचा डायोड अवरक्त. डोळ्याला धोका आहे हे कळायलाही प्रकाश दिसत नाही. वर्गात एक मिलिवॉटहून कमी शक्तीचा पॉइंटरच वापरावा आणि तोही कोणाच्या तोंडाकडे रोखू नये. दाबून बसवण्याचा सराव मात्र मेलेल्या डायोडवर खुशाल करावा. दांडा बनवणे, भोक मध्यावर आले का ते मोजणे, चकती तिरकी बसली तर दोष शोधणे, यासाठी शाळेतली कार्यशाळा पुरते.

हस्तकौशल्याचा तास हा अभ्यासातून उरलेल्या वेळेत घ्यायचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. हॉल यांच्याकडे आगगाडीत मांडलेले गणित होते. पण ज्या हातांनी ते गणित ०.४ मिलिमीटरच्या कणावर उतरवले, ते काच घासायला हौसेपोटी शिकले होते, परीक्षेसाठी नव्हे.